शेपटीजवळ कागद खोचणारा पक्षी आणि त्याचा मूळ माळ

विट्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. घरी चार वर्षांपासून लव्हबर्डची जोडी होती. अंग हिरवं, तोंड गुलाबी, शेपटीच्या वर निळा पट्टा. मागच्या वर्षी पेटीत नऊ अंडी झाली, पण एकातूनही पिल्लू निघालं नाही. महिन्यापूर्वी जोडीतला एक गेला. राहिलेला दिवसभर मुलाच्या वह्यांची पानं कातरतो, त्या पट्ट्या शेपटीजवळच्या पिसांत खोचतो, पेटीजवळ हात नेला की चावतो आणि पहाटे ओरडून आळी जागी करतो. जोडीदार गेला म्हणजे हाही झुरून मरणार, असं शेजारचे सांगतात. सासरे म्हणतात, आटपाडीच्या मळ्यात सोडून द्या. तिथं बाभळी आहेत, बाजरी आहे, मोकळं जगेल. तर हे पक्षी त्यांच्या मूळ रानात राहतात कसे, आणि याला सोडावं का?

ताई, सोडू नका. एवढं आधी सांगतो, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत कुणी पिंजऱ्याचं दार उघडायला नको. मी सांगलीत गेली बावीस वर्षं लव्हबर्ड पाळतो, त्यांची पिल्लं काढतो, आणि असा सल्ला देणारी वडीलधारी माणसं मला दरवर्षी भेटतात. त्यांच्या मनात माया असते. पण तुमच्या पक्ष्याचं रान आटपाडीत नाही.

पहिल्यांदा पक्षी ओळखू. आपल्याकडे सांगली-मिरजेच्या बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून मडक्यासकट जे विकतात ते बहुतेक वेळा बजरीगार असतात, म्हणजे बजी. लांब निमुळती शेपटी, डोक्यावर-पाठीवर बारीक काळ्या रेघा. ते ऑस्ट्रेलियाचे. तुमच्याकडे आहे तो आखूड शेपटीचा, जाड चोचीचा, मुठीएवढा पक्षी, खरा लव्हबर्ड, आणि वर्णनावरून पीचफेस, म्हणजे गुलाबी तोंडाची जात. वजन पन्नास-साठ ग्रॅमच्या आत-बाहेर. ही ओळख पटवणं गरजेचं, कारण बजीला लागू पडणारा निम्मा सल्ला याला चालत नाही.

लव्हबर्डच्या एकूण नऊ जाती. आठ आफ्रिका खंडातल्या, एक मादागास्कर बेटावरची. शास्त्रीय नाव ‘अ‍ॅगापोर्निस’, ग्रीक भाषेत प्रेम आणि पक्षी हे दोन शब्द जोडून केलेलं. नाव एक, पण घरं इतकी निराळी की एकाचं ऐकून दुसऱ्याला वागवायला गेलं तर फसगत होते. ब्लॅक-विंग्ड इथिओपियाच्या डोंगरात तेराशे मीटरपासून तीन हजारांच्याही वर राहतो. थंडी त्याच्या अंगवळणी पडलेली. स्विंडर्नचा लव्हबर्ड मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या घनदाट जंगलात उंच झाडांच्या शेंड्यावर असतो आणि तिथल्या रानउंबरांवर इतका अवलंबून की ती फळं नसतील तर पिंजऱ्यात थोड्याच दिवसांत मरतो, म्हणून तो कुणाकडे पाळलेला दिसत नाही. रेड-हेडेडची मादी झाडावरच्या वाळवीच्या वारुळात बोगदा कोरते आणि त्यात अंडी घालते. वाळवीच्या वस्तीत ऊब टिकून राहते, ती तिच्या कामी येते. आणि आपण मात्र बाजारातली एकाच मापाची प्लायवूडची पेटी सगळ्यांना लावतो.

तुम्ही ज्याला ‘फिशर’ आणि ‘मास्क’ म्हणून दुकानात पाहिलं असेल, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेले, ते दोन्ही टांझानियाचे. फिशर व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेकडचा, सेरेंगेटीच्या गवताळ भागातला. हे पक्षी पंधरा-वीसच्या टोळीने फिरतात, ज्वारी-बाजरी पिकली की मोठे थवे उतरतात, आणि तिथला शेतकरीही आपल्यासारखाच गोफण घेऊन उभा राहतो. याच गटातला ब्लॅक-चीक्ड झांबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात मोपाने नावाच्या झाडांच्या रानात, अगदी लहानशा टापूत उरला आहे. १९२९ साली तिथून चार आठवड्यांत सोळा हजार पक्षी पकडून नेल्याची नोंद आहे. तो थवा पुन्हा पूर्वीसारखा कधीच झाला नाही. पाणवठे आटतात हा आता त्याच्यापुढचा मोठा घोर. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवर जीव असणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं, कारण आपली सगळी हौस कुठल्या तरी रानातून अशीच उचलून आणलेली आहे.

आता तुमचा पीचफेस. याचा मुलूख म्हणजे आफ्रिकेचा नैर्ऋत्य भाग: अंगोलाचा नैर्ऋत्य कोपरा, जवळपास सगळा नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नदीच्या खोऱ्यापर्यंत. नामिब वाळवंटाच्या कडेचा कोरडा, खडकाळ माळ. माणगंगेचं पात्र मे महिन्यात जसं दिसतं, पांढरी वाळू, काठाला बाभळीची रांग आणि कुठंतरी एखादा डोह, तशा कोरड्या नद्या डोळ्यासमोर आणा. काठची झाडंही बाभळीच्याच कुळातली. त्यामुळे तुमच्या सासऱ्यांचा अंदाज अगदीच चुकलेला नाही. दिसायला तो मुलूख आटपाडीचा भाऊ शोभेल. घोळ पुढे आहे.

अशा रानात पाणी हा दिवसाचा मुख्य प्रश्न. कोरडं बी खाणाऱ्या पक्ष्याला रोज पाणी लागतंच, म्हणून पीचफेस झऱ्यापासून, डोहापासून फार लांब जात नाही. गुरांसाठी बांधलेल्या हौदांवरही थवे येतात. एकटा पक्षी पाण्यावर उतरत नाही. आधी जवळच्या झाडावर सगळे बसतात, आरडाओरडा चालतो, मग एकदम उतरायचं, घोटभर पिऊन एकदम उडायचं, कारण ससाणाही पाणवठ्यावरच टपून असतो. खाणं म्हणजे गवताचं बी, बाभळीच्या शेंगा, कळ्या, फुलं, कोवळी पानं, बोरांसारखी फळं. पाच-वीसच्या टोळ्या नेहमीच्या, आणि एखाद्या ठिकाणी बी पिकलं की शेकड्यांनी जमतात.

तुमच्या आळीला जाग आणणारा पहाटेचा आवाज इथला आहे. रात्र झाडाच्या किंवा खडकाच्या भोकात काढलेली असते. उजाडलं की बाहेर येऊन प्रत्येक जण पुकारतो: मी आहे, तू आहेस का? दुसरीकडून उत्तर येतं, मग तिसऱ्याचं, आणि थवा उडतो. तुमची पाखरी महिनाभर पुकारते आहे आणि उत्तर येत नाही. म्हणून ती जास्त वेळ ओरडते. तिच्यावर कापड टाकून तिला गप्प करण्यापेक्षा तुम्हीच उत्तर द्या. शीळ घाला, नावाने हाक मारा, स्वयंपाकघरातूनच द्या. चार-सहा दिवसांत ओरडणं कमी होतं, हे मी अनेक घरी पाहिलं आहे.

मी ‘पाखरी’ म्हणालो, कारण ती मादीच असणार. कागदाच्या लांब, सारख्या रुंदीच्या पट्ट्या कातरून शेपटीच्या मुळाशी नीट खोचणं हे पीचफेस मादीचं काम. नरही कधी कधी प्रयत्न करतो, पण त्याच्या पट्ट्या वाटेतच गळतात. आणि पेटीत नऊ अंडी झाली होती ना? एक मादी एका वेळी चार ते सहा घालते. नऊ अंडी आणि एकही न फुटणं, याचा माझ्या अनुभवात एकच अर्थ निघतो: तुमची जोडी दोन माद्यांची होती. पीचफेसमध्ये नर-मादी दिसायला सारखे, त्यामुळे दुकानदारही फसतो. दोन माद्या एकमेकींना भरवतात, पिसं विंचरतात, एका पेटीत झोपतात. बघणाऱ्याला संशय येत नाही. तेव्हा अंडी फुटली नाहीत यात तुमचं काही चुकलं नव्हतं.

खोचण्याच्या या सवयीवर थोडं थांबतो, कारण लव्हबर्डमधली मला सगळ्यात जवळची गोष्ट हीच आहे. रानात मादी झाडाची कोवळी साल, लांब पानं चोचीने भोकं पाडत पाडत सरळ पट्टीत कापते, अगदी शिंप्याने दोऱ्याच्या रेषेवर कात्री चालवावी तशी. मग मान मागे वळवून पट्टी पिसांत सरकवते, पिसं मिटते, पुढची पट्टी कापते. पाच-सहा जमल्या की उडते. फिशर आणि मास्क मात्र असं करत नाहीत. ते एकेक काडी चोचीत धरून नेतात. विल्यम डिल्गर नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने पीचफेस आणि फिशर यांचा संकर करून पाहिला आणि १९६२ साली त्यावर लिहिलं. त्या संकरित माद्यांची फार ओढाताण झाली. त्या पट्टी खोचायला जात, पण ती नीट खोचली जाईना. सोडावी तर सोडताही येईना. शेवटी चोचीतून नेलेली पट्टीच तेवढी पेटीत पोचे. चोचीतून न्यायचं हे नीट शिकायला त्यांना तीन-एक वर्षं लागली, आणि तरीही उडण्याआधी मान मागे वळवण्याची खोड पुरती गेली नाही. तुमच्या पाखरीला हे कुणी शिकवलेलं नाही. तिची आई पिंजऱ्यातली, आजीही पिंजऱ्यातलीच. नामिबियाचं झाड तिने पाहिलं नाही, तरी कागद हाती लागला की काम सुरू.

ती पट्टी कशासाठी, हे मला उशिरा कळलं. सुरुवातीच्या वर्षांत मी पेटीत लाकडाचा कोरडा भुसा घालायचो. पावसाळ्यातली अंडी फुटायची. मार्च-एप्रिलमध्ये मात्र पूर्ण वाढलेलं पिल्लू अंड्यातच मरून पडायचं. पत्रा तापलेला, हवा सुकी, अंड्याच्या आतलं आवरण चिवट होऊन पिल्लाला फोडता येत नव्हतं. तीन पिढ्या मी अशा घालवल्या आणि दोष पक्ष्याला दिला. मग एकदा सुटी झालेली मादी परसातल्या नारळाच्या झावळीवर बसून ओली पात कापताना दिसली. तेव्हापासून उन्हाळ्यात मी रोज ताजी हिरवी पात, शेवग्याची, बाभळीची कोवळी फांदी देतो आणि अंघोळीला पसरट भांडं ठेवतो. मादी ओल्या पिसांनी पेटीत जाते, हिरव्या सालीची ओल आत राहते. अंड्यातलं मरणं पुष्कळ कमी झालं. कोरड्या मुलखातल्या पक्ष्याला ओलावा कसा जपायचा हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

घरट्याची जागा मात्र तो सहसा स्वतः बांधत नाही, आयती शोधतो. खडकाची कपार, आणि नामिबियात सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे सोशेबल वीव्हर या पक्ष्याची वसाहत. आपली सुगरण एकेक खोपा लटकवते; हे पक्षी मिळून काटेरी झाडावर गवताची एक गंजीच रचतात, तिच्या खालून शंभरावर खोल्यांची तोंडं असतात आणि ती पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहते. दिवसाच्या उन्हात आत थोडं निवांत, रात्रीच्या थंडीत ऊब. पीचफेस त्यातल्या खोल्या बळकावतो. लहानसा जीव, पण भोकावरचा हक्क सोडत नाही.

तुमच्या हाताला जो चावा बसतो तो याच हक्काचा. भोकं कमी, दावेदार अनेक. ज्या मादीने ढिलाई केली तिची अंडी गेली. म्हणून पेटीजवळ आलेला हात तिला पाहुणा वाटत नाही. भांडताना लव्हबर्ड समोरच्याच्या बोटांना चावतो, पायाच्या बोटांना. रानात मार खाणारा उडून जातो आणि प्रकरण मिटतं. पिंजऱ्यात उडून जायला जागा नसते. माझ्याकडे दोन पिंजरे चिकटून ठेवले होते; पलीकडच्या जाळीवर लटकलेल्या नराचं बोट अलीकडच्या मादीने रात्रीत तोडलं. त्या दिवसापासून दोन पिंजऱ्यांत वीतभर अंतर किंवा मध्ये फळी. प्रेमाचा पक्षी म्हणून घेतलेला हा जीव दुसऱ्याशी किती कठोर असू शकतो, हे घेणाऱ्याला आधी सांगायलाच हवं.

जोडीतलं प्रेम मात्र खरं आहे. दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू, अजून पहिली पिसं बदललेली नाहीत तेवढ्यातच जोडीदार निवडतं, आणि बहुधा ती जोडी जन्मभर टिकते. मादी तेवीस-एक दिवस अंड्यांवर बसते, नर तिला भरवतो. पिल्लं सहा आठवड्यांनी बाहेर पडतात. पण एक गेला की दुसरा झुरून मरतोच, हे खरं नाही. रानात मरण रोजचं. उरलेला पक्षी थव्यात राहतो आणि दुसरी जोडी जमवतो. आपल्याकडे मागे राहिलेला पक्षी दगावतो तेव्हा बहुतेकदा पहिल्याला झालेला आजारच त्यालाही झालेला असतो, नाहीतर तो एकटेपणात खाणं कमी करतो आणि ते कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून पुढचे काही आठवडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन करत जा. पाच ग्रॅमची घट लहान नाही. तिच्या अंगाचा दहावा हिस्सा तो. तशी घट दिसली तर पक्षी पाहणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

आता सोडण्याचं. आटपाडीत बाभूळ आहे, बाजरी आहे, आणि शिक्रा हा शिकारी पक्षीही आहे. रानातल्या पीचफेसला वीस जोड्या डोळे राखतात, तुमची एकटी. तिला पाणवठा शोधणं कुणी दाखवलेलं नाही, वाटी तिच्या समोर येते. ती भुकेने किंवा शिकाऱ्याच्या तोंडी जाईल, बहुधा आठवड्याच्या आत. द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागांत फवारलेल्या औषधाची गोष्ट वेगळीच.

पण समजा जगली, आणि तिच्यासारखे आणखी पाच-दहा लोकांनी सोडले, तर? ते जास्त वाईट. अमेरिकेत फिनिक्स शहरात सुटलेल्या पीचफेसची वस्तीच झाली आहे. अ‍ॅरिझोनाच्या कडक उन्हाळ्यात ते विद्यापीठाच्या इमारतींतून गार हवा बाहेर सोडणाऱ्या झडपांपाशी जाऊन बसतात, इतके त्या शहराला सरावले. केनियात नैवाशा सरोवराकाठी सोडलेल्या फिशर आणि मास्कचा संकर होऊन मिश्र थवे झाले आहेत. आपल्याकडे झाडातल्या भोकांवर आधीच तांबट, पिंगळा, दयाळ, मैना आणि आपला राघू यांची ओढाताण आहे. वस्तीसाठी बोटं तोडणारा पक्षी त्यात सोडायचा? शिवाय पिंजऱ्यातल्या पोपटवर्गीय पक्ष्यांत चोच आणि पिसं झडवणारा एक विषाणू असतो, वरून निरोगी दिसणारा पक्षीही तो पसरवतो. कृष्णाकाठच्या राघूंना तो आपल्या हातून लागू नये.

कायद्याचंही एक वाक्य. आपला रानातला राघू घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पीचफेस २००५ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या ‘सायटिस’च्या यादीतून वगळला गेला. फिशर, मास्क आणि इतर जाती मात्र त्या यादीत आहेत, आणि २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आलेल्या २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यांची नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. पुढे कधी तसा पक्षी घेतलात तर हे विसरू नका.

मग तिच्यासाठी करायचं काय? पहिली गोष्ट, पेटी काढा. रानात भोक झोपण्याचंही असतं, त्यामुळे तिला दोन-चार रात्री अवघडल्यासारखं होईल. पण पेटी आणि कागद दोन्ही मिळत राहिले तर ती नराशिवायही अंडी घालत राहील, अंगातलं कॅल्शियम जाईल आणि एखादं अंडं अडकलं तर जीव जाईल. पेटीऐवजी वरच्या कोपऱ्यात जाड फांदी आणि पाठीमागे एक फळी द्या. कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे माकूळ माशाचं हाड, कायम टांगलेला असू द्या. कातरण्याचं काम मात्र काढून घेऊ नका. वहीच्या शाईच्या कागदाऐवजी नारळाची पात, शेवगा, बाभूळ द्या. फांदी बागेच्या बांधावरची नको, फवारणी नसलेल्या जागेची आणि धुतलेली. वाटीभर सूर्यफुलाऐवजी राळा, बाजरी, नाचणी, आणि शाळूचं अख्खं कणीस उलटं टांगून. रानात तिचा अर्धा दिवस दाणा मिळवण्यात जातो. वाटीतलं खाणं दहा मिनिटांत संपतं आणि उरलेला दिवस ती वह्यांवर काढते. घाटावरचं पिकलं उंबर आठवड्यातून एखादं फोडून द्या, कसं खाते ते मुलाला बघू द्या. मे महिन्यात पिंजरा पत्र्याखाली नको, दुपारी ओला पडदा लावा आणि अंघोळीचं भांडं सकाळी ठेवा.

सोबती आणायचा असेल तर पीचफेसच आणा, फिशर नको; ती संकरित माद्यांची ओढाताण वर सांगितलीच. पिसावरून डीएनए तपासणी करून नर असल्याची खात्री करून घ्या. नवा पक्षी निदान तीस दिवस दुसऱ्या खोलीत ठेवा, त्याची भांडी वेगळी, आणि आधी तिचं काम करून मग त्याच्याकडे जायचं. नंतर दोन पिंजरे वीतभर अंतराने, समोरासमोर. एकमेकांकडे तोंड करून शेजारच्या दांडीवर बसू लागले, एकाच वेळी खाऊ लागले, की दोघांनाही तिच्या जुन्या पिंजऱ्यात न घालता तिसऱ्या, दोघांनाही नव्या असलेल्या पिंजऱ्यात सोडा. तेही सकाळी, म्हणजे दिवसभर तुमचं लक्ष राहील.